सदर नावांची व्यक्ती एकच

महापेला, चौथ्या मजल्यावर,
मी जुनं जर्मन वाचते.
पाद्र्यांच्या वह्या : बाप्तिस्मे, लग्नं, मयती.
शाई तपकिरी, अक्षर वाऱ्यानं झुकलेलं.
त्यात ई हुबेहूब एन-सारखा दिसतो,
आणि यू-च्या डोक्यावर चंद्रकोर,
म्हणून तो मला सगळ्यात आधी ओळखू आला.

या आठवड्याचं काम एक आडनाव.
होर्स्ट झेल्त्सर, ब्रेमेन, निवृत्त दंतवैद्य,
विचारतात : आम्ही मूळचे कोण?
सोबत पैसे भरल्याची पावती
आणि एक लाजरी आशा, की
घराण्याची ढाल निघावी, ढालीवर एखादा गरुड.

लिहायचा एस, म्हणायचा झ.
हे मला क्लासात शिकवावं लागलं नाही.
आमच्या घणसोलीत ळ लिहून ल म्हणतात,
ण शाळेतच ठेवून घरी येतात.

मी मागे मागे गेले.
अठराशे एकाहत्तर : झेल्त्सर, शिंपी.
सतराशे चौऱ्याण्णव : झाल्त्सर, विधवा, तीन मुलं, एक गाय.
त्याआधी कुणी झॅल्त्सर, पुढचं पान ओलं होऊन चिकटलेलं.
मग तीस वर्षं वहीच नाही.
लढाई येऊन बसली होती,
पाद्री पळाला,
वेदीपाशी घोडे बांधले होते.
आणि त्याच्याही पलीकडे, किडीनं जाळी केलेल्या कागदावर, हान्स.
आडनाव नाहीच.
नुसतं : मीठवाला.

खाऱ्या झऱ्याचं पाणी लोखंडी कढईत ओतायचं,
खाली रात्रंदिवस जाळ.
त्यांच्याकडे ऊन पुरत नाही,
म्हणून डोंगरच्या डोंगर बोडका झाला मिठापायी.
आजा असता तर म्हणाला असता,
'लाकडं जालून मीठ? यरं झालं का काय?'

आजाचं आगर होतं तिथे आता तीन टॉवर आहेत,
मध्ये पोहायचा तलाव.
पाणी गोडं.

आम्ही मिठागरे.
सातबाऱ्यावर मिठागरे,
रेशनकार्डावर मिठाघरे,
सिडकोच्या निवाड्यात मिठारे.
ग कुठल्या कारकुनाच्या डब्यात गेला कोण जाणे,
त्या एका ग-पायी
साडेबारा टक्क्यांचा भूखंड बावीस वर्षं अडकलाय.
बाबांनी स्टॅम्पपेपरावर लिहून दिलं :
सदर तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून तो मीच आहे.
खिडकीतला म्हणाला, राजपत्र आणा.
बाबा बेलापूरहून आले, चप्पल न काढता बसले.
'मी कंच्या नावानं मरू, तवरं तरी इचार त्यांना.'

आणि मी इथे, वातानुकूलित थंडीत, अंगावर शाल घेऊन
चारशे वर्षांतल्या साऱ्या स्पेलिंगांभोवती
माउसनं एक चौकट ओढते
आणि खाली लिहिते : घराणं एकच.
कुणी राजपत्र मागत नाही.
मधली तीस वर्षं कुठे गेली
हेसुद्धा कुणी विचारत नाही.

अहवाल गेला. ढाल नाही, गरुड नाही,
काढलीच तर एक कढई
आणि लांब दांड्याचा झारा.
वाटलं, दंतवैद्य रुसणार.

तिसऱ्या दिवशी उत्तर :
'माझे वडील उकडलेल्या बटाट्यावर
चाखायच्या आधीच मीठ घालायचे. आई जन्मभर चिडली.
आज मी तिच्या फोटोला कारण सांगितलं.
तुमच्या आडनावाचा अर्थ काय हो?'

मी मिठागरे टाइप केलं.
यंत्रानं लगेच खाली लाल रेघ ओढली, नागमोडी,
आगराच्या बांधासारखी.
सुधारणा सुचवल्या : तीन.
त्यातली एक मिठारे.

मी बराच वेळ ग-कडे बघत बसले.
मग रेघेसकट पाठवून दिलं.